कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभं राहताना...

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि नणंदेचा फोन आला. "वयनी, आमच्या चेडवाक फोटो काढूक बोलवल्यानी हा. साड्यांचे फोटो. पैसेय देतले म्हणतत. तू जातंस काय तिच्यावांगडा? माका त्यातला कायएक कळणा नाय."

मला तरी कुठे कळत होतं! पण बचत गटाच्या बायकांना घेऊन बँकेत, पंचायत समितीत, ओरोसच्या कचेरीत गेली पंधरा वर्षं फिरतेय, त्यामुळे ‘मला जमणार नाही’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. म्हटलं, फोटोच तर काढायचेत. लग्नामुंजीत नाही का आपण काढून घेत? जाऊ की!

मैत्रिणींनो, त्या एका दिवसात माझ्या हातून इतक्या चुका झाल्या की आठवलं तरी आता हसू येतं. तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. माझ्या चुकांपायी भाचीच्या हातचं पहिलंवहिलं काम जायची वेळ आली होती.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय शूटिंगशी? पण आपल्या सिंधुदुर्गात कॅमेरा आता दारापर्यंत आलाय. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि आपल्या सावंतवाडीच्या वाटेवरचं आकेरी घराघरांत पोचलं. तारकर्ली, देवबाग, निवतीच्या किनाऱ्यांवर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. काजू, कोकम, मसाला विकणाऱ्या आपल्या गटांनाही लेबलावर चांगला फोटो लागतो. आज ना उद्या मॉडेल म्हणून, मेकअप करायला, हाताखाली मदतीला, नाहीतर लेकीची सोबत म्हणून आपल्यापैकी कुणीतरी तिथे उभी राहणारच. तिने माझ्यासारखं करू नये, म्हणून हा प्रपंच.

साडेपाच म्हणजे साडेपाच

फोटो काढायचे होते भोगव्याच्या किनाऱ्यावर. कुडाळहून नेरूर, वालावल, परुळे करत तासाभराची वाट. आदल्या दिवशी भाचीच्या मोबाईलवर निरोप आला, ‘कॉल टाइम पहाटे साडेपाच’. मी मनात म्हटलं, साडेपाच म्हणजे सहा. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेलाही दहा सांगितले की अकरा धरायचे असतात. शिवाय नणंद म्हणाली, मीही येते. मग तिची जाऊ आणि जावेचा धाकटा. अशी आमची वरात सव्वासहाला पोचली.

मेकअप करणारा माणूस पेटी उघडून पाऊण तास बसला होता. फोटोग्राफर काही बोलला नाही. नुसता आकाशाकडे बघत होता. तो का बघत होता, ते मला नंतर त्यानेच समजावून सांगितलं.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरामागून, माडांच्या मागून वर येतो. त्यामुळे सुरुवातीचा काही वेळ वाळूवर मऊ उजेड पडतो, चेहऱ्यावर काळ्या सावल्या येत नाहीत. दहा वाजले की ऊन डोक्यावर यायला लागतं. मग डोळ्यांखाली, नाकाखाली सावली पडते, वाळू चकाकते आणि माणूस डोळे बारीक करतो. तेव्हा काम थांबवायचं आणि चारनंतर पुन्हा सुरू करायचं. डिसेंबरात सहा वाजून गेले की लगेच सूर्य बुडतो. म्हणजे दिवसभराच्या कामाला खरा उजेड मिळतो तो चार-पाच तासांचा. मेकअपला दीड तास लागतो. आमच्या पाऊण तासाच्या उशिरापायी सकाळच्या दोन साड्या मागे पडल्या. मेकअप, गाडी, दिवे धरणारी मुलं, सगळ्यांना दिवसावर पैसे असतात. साड्या राहिल्या तर तो खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतो.

म्हणून सांगते, दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. रस्ता आदल्या दिवशी विचारून ठेवा. उशीर होणारच असेल तर फोन करा. आणि सोबत एकच माणूस न्या. चार नव्हे.

तेल, मेंदी आणि तिखलं

आदल्या रात्री मी भाचीच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडलं होतं. केस कसे छान बसतात! मेकअपदादाने केसांना हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. मग गाडीतल्या बाटलीबंद पाण्याने तिचं डोकं धुतलं, वाळवलं. त्यात आणखी अर्धा तास.

त्याच्याकडून शिकलेल्या गोष्टी सांगते. चेहरा धुतलेला, कोरा ठेवून जायचं. केस आदल्या दिवशी धुऊन कोरडे ठेवायचे. नवीन फेशियल, थ्रेडिंग आदल्या दिवशी करायचं नाही, कातडी लाल होते आणि फोटोत दिसते. ताजी मेंदी विचारल्याशिवाय काढायची नाही. घट्ट घड्याळ, हाताला अडकवलेला रबर, रुतणारं इलॅस्टिक काही तास आधीच काढून ठेवायचं, त्याचे वळ पटकन जात नाहीत. पुढून बटणं असलेला सदरा किंवा कुर्ता घालून जायचं, म्हणजे तो काढताना मेकअप आणि केस बिघडत नाहीत. आतले कपडे अंगाच्या रंगाचे, बिनानक्षीचे. पिशवीत पाणी, साधी चप्पल, सेफ्टी पिना, रुमाल, स्वतःचा कंगवा, पाळीची सोय. एखाद्या क्रीमने पुरळ येत असेल तर ते संकोच न करता आधीच सांगायचं.

आणि पोटभर खाऊन जायचं. पण आमच्यासारखं नव्हे. मी सगळ्यांसाठी बांगड्याच्या तिखल्याचा मोठा डबा नेला होता. कोकणी माणूस रिकाम्या हाताने जाईल कसा? सगळ्यांना आनंद झाला, पण साड्या सांभाळणाऱ्या मुलीचा जीव वर-खाली. शूटिंगच्या साड्या विकायच्या असतात. त्यांच्यावर हळदीचा एक थेंब पडला तरी साडी गेली. म्हणून साडी नेसून वाळूवर बसायचं नाही, जेवताना साडी बदलायची किंवा वरून जुना गाऊन घालायचा. तिखलं शेवटी दुपारी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं, ते साड्या घडी करून पेटीत गेल्यावर.

‘हस गो!’

काम सुरू झालं. भाची पाण्याच्या कडेला उभी. मी फोटोग्राफरच्या मागे उभी राहिले आणि माझं तोंड सुरू झालं. "हस गो! पदर सांभाळ! पाठ सरळ कर!" दहा मिनिटांनी तो शांतपणे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही बरोबरच सांगताय. पण ती माझ्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतेय." आणि एका मुलाला सांगून त्याने माझ्यासाठी माडाखाली खुर्ची ठेवली. कॅमेऱ्याच्या मागे नाही, भाचीच्या नजरेत येणार नाही अशी, बाजूला.

मला राग आला. खुर्चीत बसून फुगले होते. पण बसल्या बसल्या बघू लागले, तेव्हा कळलं की तिथे प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. पांढरा रिफ्लेक्टर धरून उजेड चेहऱ्यावर परतवणारा मुलगा तासभर एकाच कोनात उभा होता. साडीच्या निऱ्या बसवणारी मुलगी प्रत्येक फोटोआधी धावत जाऊन एक निरी सारखी करून परत येत होती. आणि भाचीला सूचना मिळत होत्या एकाच तोंडातून. सात जण सात गोष्टी सांगायला लागले तर नवख्या मुलीचा चेहरा दगडासारखा होतो. आपण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलो होतो ना, तसा!

तेव्हा मला गौतम राजाध्यक्षांची आठवण झाली. आमच्या पिढीने मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांनी काढलेले किती चेहरे पाहिलेत! मूळचा रसायनशास्त्राचा हा माणूस जाहिरात संस्थेत गेला आणि पुढे नामवंत छायाचित्रकार झाला. १९९७ मध्ये त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक आलं, त्यात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे आहेत. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या फोटोंतल्या बायका किती निवांत दिसतात, असं मला नेहमी वाटायचं. माडाखाली बसून उमगलं की तो निवांतपणा मिळायला आजूबाजूला शांतता लागते, आणि ती मी बिघडवत होते.

नवख्या मुलींनी एवढं लक्षात ठेवावं. गेल्या गेल्या सगळ्यांना नमस्कार करायचा, नावं विचारायची. सेटवर स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा अशीच हाक मारतात, ती मारायची. पाणी आणून देणाऱ्या पोरालाही. सूचना कळली नाही तर ‘पुन्हा सांगाल का’ असं विचारायचं, नुसती मान हलवायची नाही. केस विस्कटले तर स्वतः हात घालायचा नाही, केसवालीला हाक मारायची, कारण आधीच्या फोटोत बट जिथे होती तिथेच ती पुन्हा हवी असते. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावायचं नाही, दाखवला तरच बघायचा. दिव्यांच्या वायरी ओलांडताना जपून. कॅमेऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही, वाळूचा एक कण भिंगाला पुरतो.

मदतनीस म्हणून जाणाऱ्या मुलींसाठी एक नाव सांगते, होमाई व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. दिल्लीत साडी नेसून, सायकलवरून कॅमेरा घेऊन त्या कामाला जायच्या. सगळे पुरुष, त्यात ही एकटी. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. जड पेट्या उचलायची, पहाटे उठायची लाज वाटत नसेल, तर कॅमेऱ्याच्या मागची जागाही बाईची आहे.

माझं स्टेटस

खुर्चीत बसून करायचं काय? मी मोबाईल काढला, भाचीचे चार फोटो टिपले आणि स्टेटसला टाकले. ‘आमची हिरॉईन!’ पंधरा-वीस मिनिटांत कोऑर्डिनेटर बाईंचा फोन वाजला. त्यांचा चेहरा पडला. त्या साड्या अजून बाजारात यायच्या होत्या. तोच रंग, तोच काठ दुसरा कुणी आधी विणून घेऊन विकू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फोटो काढून टाकले, हात जोडून माफी मागितली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मामी, माका परत बोलावचे नाय हे," एवढंच ती म्हणाली.

तेव्हा मोबाईल पिशवीत, आवाज बंद. शूटिंगचे फोटो त्यांनी स्वतः बाहेर आणल्याशिवाय आपण टाकायचे नाहीत. नंतर टाकले तर फोटोग्राफरचं, मेकअप करणाऱ्याचं नाव लिहायचं. भाकरी आपण भाजली आणि नाव दुसरीचं झालं तर आपल्याला कसं वाटेल?

तो ब्लाउज

आता मुद्द्याची गोष्ट. इथपर्यंत वाचून वाटेल की नवख्या मुलीने नुसतं ‘हो’ म्हणत राहायचं. तसं अजिबात नाही.

दुपारनंतर सहावी साडी निघाली. तिच्यावरचा ब्लाउज पाठीवर दोन नाड्या एवढाच. मी खुर्चीतून उठलेच. आता मोठ्याने बोलणार, तेवढ्यात भाची साडीवाल्या मुलीला हळू आवाजात म्हणाली, "दीदी, हा ब्लाउज मी नाही घालणार. दुसरा चालेल का?" ती मुलगी म्हणाली, "बरं झालं आत्ताच सांगितलंस," आणि पेटीतून कोपरापर्यंत बाह्यांचा दुसरा काढला. दोन मिनिटांत विषय संपला. ना आरडाओरडा, ना रडारड.

मी परत बसले, पण आत काहीतरी टोचत राहिलं. मी तिची राखण करायला आले होते ना? मग कपडे कोणते आहेत, बदलायचे कुठे, टीममध्ये बाया किती, पैसे कधी, हे मी आदल्या दिवशी विचारलं होतं का? नाही. मी राखण केली ती तिच्या केसांची आणि हसण्याची.

हे प्रश्न आधीच विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. चांगल्या टीमला ते आवडतात. कपडे बदलायला बंद खोली किंवा पडदे लावलेली गाडी असलीच पाहिजे. पदर किंवा हात सारखा करायचा असेल तर चांगला फोटोग्राफर आधी विचारतो किंवा साडीवालीला सांगतो. न विचारता कुणी हात लावला तर ‘मला सांगा, मी करते’ असं स्पष्ट म्हणायचं.

आणि त्यापुढे काही घडलं तर कायदा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एका दिवसाच्या कामालाही, ऑफिसबाहेरच्या जागेलाही लागू आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात, तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कपडे बदलताना चोरून फोटो काढणं हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

सहीचा कागद

संध्याकाळी एक इंग्रजी कागद पुढे आला. मी म्हटलं, "कर गो सही, माणसं चांगली आहेत." भाची मात्र बी.कॉम. शिकलेली. तिने खाली बसून तो वाचला. त्यात होतं की हे फोटो कुठल्याही माध्यमात, कायमचे वापरता येतील. तिने विचारलं, "म्हणजे साडीशिवाय दुसऱ्या कशाच्याही जाहिरातीत?" कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, "तसा आमचा विचार नाही." "मग तसं लिहाल का?" मग हाताने दोन ओळी वाढवल्या गेल्या, याच दुकानाच्या साड्यांसाठी आणि दोन वर्षं. दोघींनी बाजूला सही केली. भाचीने कागदाचा फोटो काढून घेतला. दिवसभरात तिने मोबाईल बाहेर काढला तो तेवढ्यासाठीच!

हे का महत्त्वाचं? आपल्याला वाटतं, चेहरा माझा म्हणजे फोटो माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता फोटोग्राफर असतो, आणि कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले तर, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकी पैसे देणाऱ्याची. फोटोतल्या मुलीच्या हातात राहतो तो मुख्यतः तिने सही केलेला कागद. म्हणून वाचता येत नसेल तर वाचून घ्या, घरी नेऊन दाखवते म्हणा. अठरा वर्षांखालच्या मुलीची सही चालत नाही, पालकांनी समजून करायची. चौदा वर्षांखालच्या मुलांकडून असं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त करून घेता येत नाही, आणि त्यांच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्यांच्याच नावाने बँकेत ठेवावा लागतो.

‘निवड झाली’ म्हणणारे फोन

आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला मागे फोन आला होता. ‘तुझी निवड झाली, फक्त पोर्टफोलिओचे पंधरा हजार भर.’ आईने भिशीचे पैसे दिले. शहरातल्या एका लॉजच्या खोलीत वीस-पंचवीस फोटो काढले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे ते फोटो कुठे असतील या धास्तीने ती पोर कितीतरी दिवस झोपली नव्हती. आईने शेजारीही कुणाला सांगितलं नाही, आपलीच बदनामी होईल म्हणून.

काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पोर्टफोलिओ हवाच असेल तर आपण आपल्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून, आपल्या सवडीने करून घेऊ. बोलावणाऱ्याचं नाव, पत्ता, आधीचं काम बघा. ज्या दुकानाचं नाव सांगतात तिथे स्वतः फोन करून विचारा. ‘एकटीच ये’ म्हणाले तर जायचंच नाही. आणि फसलोच तर गप्प बसायचं नाही, आधी घरात सांगायचं, मग पोलिसांत.

निघताना

सूर्य बुडाला, ‘पॅकअप’ अशी हाक आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाचीने दागिने मोजून परत दिले, प्रत्येकाला नाव घेऊन धन्यवाद दिले. पैसे कधी मिळतील ते फोटोग्राफरला नव्हे, कोऑर्डिनेटर बाईंना विचारलं. मी त्या रिफ्लेक्टरवाल्या मुलाला उरलेलं तिखलं बांधून दिलं. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी या, पण खुर्ची तिथेच असेल हं!"

पैसे दहा दिवसांनी खात्यात आले. जानेवारीत दुसऱ्या कामासाठी त्याच टीमचा फोन आला. भाचीने या वेळी कपडे, जागा, वेळ, पैसे सगळं आधी विचारून कागदावर टिपलं, आणि मग मला हाक मारली.

"मामी, येतंस?"

"येतंय गो," मी म्हटलं, "पण गप माडाखाली बसतलंय."